नजरेची आणेवारी आणि दोरीचे गणित

जमीनमहसुलाच्या जुन्या दप्तरांत ‘आणेवारी’ या शब्दाला एके काळी केवढे वजन होते, याची कल्पना शहरात वाढलेल्या आजच्या वाचकाला सहसा नसते. मुंबई इलाख्यात सरकारसारा दर वर्षीच्या पिकावर बसत नसे. जमिनीची प्रत पाहून तो बंदोबस्ताच्या वेळी, बहुधा तीस वर्षांच्या मुदतीने, ठरवून टाकलेला असे. परंतु मृगाने दगा दिला, किंवा हस्ताच्या पावसाने उभे पीक आडवे केले, तर त्या वर्षापुरती वसुली तहकूब ठेवावी की नाही हा प्रश्न उभा राही. आणि त्याचा निकाल लावण्यासाठी, उत्तम हंगाम सोळा आणे धरून यंदाचे पीक त्यांपैकी किती आणे उतरले, याचा अंदाज तलाठी-पाटलांपासून मामलेदारापर्यंतच्या अंमलदारांनी नजरेने करावा, अशी वहिवाट होती. बांधावर उभे राहून, कणसाचा भार पाहून, चार जाणत्या कुणब्यांशी बोलून जो आकडा कागदावर चढे, त्यावर सबंध गावाचे वर्षभराचे नशीब अवलंबून राही.

१९१८ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, जो त्या वेळी मुंबई इलाख्याचाच भाग होता, नेमका या आकड्यावरून सत्याग्रह झाला. पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या वर्षाची सारावसुली संपूर्ण तहकूब व्हावी असा नियम होता; सरकारी कागद पीक चार आण्यांच्या वर असल्याचे सांगत होते आणि रयत ते चार आण्यांच्या खाली असल्याचे प्रतिज्ञेवर सांगत होती. पंच नेमून चौकशी करावी ही मागणी सरकारने मानली नाही, आणि पुढे जे घडले ते शाळेच्या इतिहासातही आहे. त्या लढ्याचे नैतिक आणि राजकीय मोल वादातीत आहे. तथापि त्या प्रकरणाकडे निव्वळ संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. साडेतीन आणे आणि साडेचार आणे यांपैकी खऱ्याच्या जवळचा आकडा कोणता, हे दाखवून देण्याचे साधन उभय पक्षांपैकी कोणाजवळच नव्हते. आपला अंदाज चुकला तर साधारणतः कितीने चुकेल, हे अंमलदाराला सांगता येत नव्हते. आणि ज्या अंदाजासोबत त्याच्या संभाव्य चुकीचे माप येत नाही, त्यावर वाद घालता येतो, निवाडा करता येत नाही.

त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत हे साधन हिंदुस्थानच्याच शेतांत घडविले गेले, आणि ते घडविणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातला एक मराठी माणूस अग्रभागी होता. त्या कथेचा धागा हाती धरून प्राथमिक संख्याशास्त्रातल्या मोजक्या कल्पनांची उजळणी करण्याचा विचार आहे. पाठ्यपुस्तकांत या कल्पना फासे, पत्ते आणि पिशवीतले रंगीत चेंडू यांच्या साहाय्याने शिकवितात. विद्यार्थी सूत्रे पाठ करतो, गुण मिळवितो, आणि त्या सूत्रांवाचून कोणाचे काय अडले होते हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही. पिकाच्या उदाहरणात ते अडणे सतत डोळ्यांसमोर राहते.

प्रथम सरासरी. समजा, एका लहानशा गावात सारख्या क्षेत्राची सात शेते आहेत. त्यांतली सहा जिरायती असून त्यांत एकरी ४, ५, ५, ६, ६ आणि ७ क्विंटल ज्वारी आली. सातवे विहिरीखालचे, त्यात संकरित वाण पेरलेले, तेथे एकरी २३ क्विंटल उतरली. सर्वांची बेरीज ५६, आणि सातांनी भागून येणारा माध्य ८. आता गंमत अशी, की आठ क्विंटलांचे पीक गावातल्या एकाही शेतात आलेले नाही, आणि सातांपैकी सहा शेतकरी ‘सरासरीच्या खाली’ आहेत. हेच आकडे चढत्या क्रमाने मांडून बरोबर मधला उचलला, तर ६ हा मध्यक मिळतो, आणि तो गावातल्या बहुतेकांच्या स्थितीशी जुळतो. विहीरवाल्याला २३ ऐवजी ३० क्विंटल आले असते तर माध्य नवावर चढला असता, मध्यक जागचा हलला नसता.

यांपैकी खरी सरासरी कोणती, असे विचारणे व्यर्थ आहे. कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे आधी विचारावे. गावातून बाजारात किती धान्य येईल हे ज्याला पाहायचे आहे, त्या पुरवठा अधिकाऱ्याला माध्यच हवा, कारण माध्याला क्षेत्राने गुणले की एकूण उत्पादन मिळते. मध्यकाला गुणून काहीही मिळत नाही. उलट, गावातला सामान्य कुणबी यंदा तरला की बुडाला हे ज्याला पाहायचे आहे, त्याने माध्यावर विसंबू नये. दरडोई उत्पन्न म्हणून जो आकडा दर वर्षी वर्तमानपत्रांत झळकतो तो माध्य असतो, आणि तो वाचून ज्यांना आपण देशाच्या मानाने मागे पडलो असे वाटते, ते बहुधा त्या सहा जिरायतवाल्यांपैकी असतात.

परंतु माध्य आणि मध्यक दोन्ही सांगूनही गावाचे चित्र पुरे होत नाही. एका गावात पाच शेतांचे पीक ५, ६, ६, ६, ७ आहे, दुसऱ्यात २, ४, ६, ८, १०. माध्य दोन्हीकडे ६, मध्यकही ६. पण पहिल्या गावात कोणत्याही बांधावर उभे राहिले तरी अंदाज फार चुकणार नाही, आणि दुसऱ्यात बांध बदलला की अंदाज बदलतो. हे पसरलेपण मोजण्याची रीत अशी: प्रत्येक आकडा माध्यापासून किती दूर आहे ते पाहावे, ही अंतरे काही धन, काही ऋण असल्याने नुसती बेरीज शून्य होते, म्हणून त्यांचे वर्ग करावे, त्या वर्गांचा माध्य काढावा, आणि शेवटी वर्गमूळ घेऊन पुन्हा क्विंटलांच्या मापावर यावे. याला प्रमाण विचलन म्हणतात. पहिल्या गावात ते ०.६३ निघते, दुसऱ्यात २.८३. पुढच्या सगळ्या विवेचनाचा भार या एका कल्पनेवर आहे, म्हणून ती घाईने ओलांडू नये.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण संख्याशास्त्राच्या व्याख्यात्यांची फार आवडती आहे, पण ती अर्धीच खरी आहे. भांड्यातला भात एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेला असतो, म्हणजे तेथे विचलन जवळजवळ शून्य असते, म्हणून एक शीत पुरते. शेत तसे नसते. एकाच सर्व्हे नंबरात वरच्या बाजूला मुरमाड आणि खालच्या बाजूला काळी, ओढ्याकडे पाणथळ आणि बांधाकडे तणाची दाटी, असा प्रकार नित्याचा. मग गावागावांतला आणि तालुक्यातालुक्यांतला फरक विचारायलाच नको. जेथे विचलन मोठे, तेथे नमुन्यातली शिते किती घ्यावीत आणि ती कोठून उचलावीत, हे दोन्ही प्रश्न गंभीर होतात. सबंध जिल्ह्याचे पीक सरकारी देखरेखीखाली कापून, मळून, तोलून घेणे तर कोणत्याही सरकारला परवडणारे नाही.

महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे, त्यातला एक प्रसंग या संदर्भात आठवतो. ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या एका झाडाच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे असल्याचे सांगतो. सारथी झालेल्या नळाचा विश्वास बसत नाही, तो रथ थांबवितो, झाड तोडतो, फळे मोजतो, आणि आकडा तंतोतंत जुळतो. आपल्याला फाशांचे मर्म आणि गणनेची विद्या दोन्ही अवगत आहेत, असा उलगडा मग ऋतुपर्ण करतो. द्यूत आणि मोजणी या दोन विद्या कथाकाराने एकाच माणसाच्या ठिकाणी का ठेवल्या असतील, यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क केले आहेत. मला त्यात विशेष वाटते ते असे, की पडताळा पाहण्यासाठी नळाला झाडच तोडावे लागले. आकडा तंतोतंत जुळला, हे मात्र काव्यातच शोभते. नमुन्यावरून केलेला अंदाज असा कधी जुळत नाही, आणि जुळला तर संख्याशास्त्रज्ञ आनंदित होण्याऐवजी साशंक होतो.

नमुना कोठून उचलावा, या प्रश्नावर नजरअंदाजाची सगळी इमारत ढासळली. अनुभवी अंमलदाराला ‘गावाचे प्रातिनिधिक शेत दाखव’ म्हटले, तर तो प्रामाणिकपणे एक शेत दाखवितो. पण त्याचे पाय रस्त्यालगतच्या शेताकडे वळतात, नजर भरदार कणसावर ठरते, अथवा रयतेविषयी कणव असेल तर करपलेल्या तुकड्यावर ठरते. जॉन हबॅक या आय. सी. एस. अंमलदारांनी १९२३ ते १९२५ या काळात बिहार आणि ओरिसा प्रांतात भातपिकाची जी पाहणी केली, तीत हा कौल माणसाच्या मर्जीवर न ठेवता नमुन्याचे तुकडे यादृच्छिक रीतीने निवडण्याचा आग्रह होता. तिचा वृत्तांत १९२७ साली पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. आधुनिक संख्याशास्त्राचे अध्वर्यू रोनाल्ड फिशर यांनीही आपल्या विचारांवर त्या कामाचा परिणाम झाल्याचे पुढे मान्य केले. महसुलाच्या कारभारात बुडालेल्या एका कलेक्टरी परंपरेतून इतकी मूलगामी कल्पना निघावी, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

यादृच्छिक म्हणजे मन मानेल तसे नव्हे. त्याच्या अगदी उलट, निवडणाऱ्याच्या मनाला त्यात काडीचाही वाव नसतो. तालुक्यातल्या गावांची यादी घ्यावी, चिठ्ठ्या टाकून काही गावे काढावीत. गावात ते पीक असलेल्या सर्व्हे नंबरांची यादी घेऊन त्यांतून तशाच रीतीने शेत काढावे. शेताच्या नैर्ऋत्येकडच्या कोपऱ्यापासून लांबीकडे इतकी पावले आणि रुंदीकडे इतकी पावले, असे आकडेही चिठ्ठीनेच ठरवावेत. आणि जेथे पाऊल थांबेल तेथे खुंटी ठोकून, दोरी ताणून, नेमून दिलेल्या मापाचा तुकडा आखावा. चिठ्ठ्यांचा खटाटोप टळावा म्हणून टिपेट यांनी १९२७ साली खानेसुमारीच्या अहवालांतून उचललेल्या ४१,६०० अंकांचा तक्ता छापला, आणि अशा तक्त्यांचा उपयोग पुढे सर्वत्र होऊ लागला. खरी कसोटी लागते ती शेतात. तुकडा बरोबर खडकाळ भागात पडला आणि आत दहा-बाराच ताटे उभी आहेत, तर तलाठ्याला वाटते की चार पावले सरकून घ्यावे, हा काही शेताचा खरा नमुना नव्हे. ती चार पावले त्याने सरकू नये, कारण खडकाळ भाग हा शेताचाच भाग आहे आणि त्यालाही आपल्या क्षेत्राच्या प्रमाणात चिठ्ठीत येण्याचा हक्क आहे.

दैवावर इतका भरवसा का ठेवावा, असे येथे कोणी विचारील. उत्तर असे, की माणसाच्या मर्जीचे नियम कोणाला ठाऊक नाहीत, दैवाचे आहेत. पास्काल आणि फेर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ साली, अर्धवट राहिलेल्या जुगाराची रक्कम खेळाडूंत न्याय्य रीतीने कशी वाटावी या प्रश्नावर पत्रव्यवहार केला, तेव्हापासून या नियमांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. त्यांतला मूळ हिशेब सोपा आहे. नाणे दहा वेळा उडविले, तर छापा-काट्याचे जे क्रम संभवतात त्यांची संख्या १०२४. त्यांपैकी नेमके पाच छापे ज्यांत आहेत असे क्रम २५२. सर्व क्रम सारखेच संभवनीय धरले, तर बरोबर पाच-पाच पडण्याची संभाव्यता सुमारे चौथा हिस्सा. आणि एकीकडे सात किंवा त्याहून अधिक, अशी एकतर्फी विभागणी १०२४ पैकी ३५२ क्रमांत, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक वेळा आढळते. निर्दोष नाण्याचे दहांत सात छापे पडले म्हणून नाण्यावर आळ घेणारा माणूस अन्याय करीत असतो. आणि दोन सामन्यांत शतक ठोकणाऱ्या फलंदाजाला लय सापडली म्हणून ग्वाही देणारा समालोचक बहुधा त्याच जातीचा असतो.

नाणी वाढविली की काय होते, हे याकोब बेर्नुली यांनी सिद्ध केले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली छापला गेला. छाप्यांचे प्रमाण हळूहळू निम्म्यावर स्थिरावते, हा त्याचा मथितार्थ सर्वांना ठाऊक असतो, पण त्यामागची यंत्रणा बहुतेकांना उलटी कळलेली असते. ओळीने पाच छापे पडले तर आता काटा पडणे ‘देणे लागते’, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांचीही असते. नाण्याला मागचे काही स्मरत नाही. शंभर नाण्यांत छाप्यांची संख्या पन्नासापासून साधारणतः पाचांनी इकडेतिकडे जाते. दहा हजारांत पाच हजारांपासून साधारणतः पन्नासांनी. म्हणजे संख्येतली तफावत कमी होत नाही, ती पाचावरून पन्नासावर वाढते. परंतु शंभरांत पाच म्हणजे शेकडा पाच, आणि दहा हजारांत पन्नास म्हणजे शेकडा अर्धा. जुनी तफावत कोणी भरून काढीत नाही, नव्या नाण्यांच्या राशीत ती बुडून जाते.

आब्राम द मॉव्हर यांनी १७३३ साली या तफावतींना एक विशिष्ट घंटाकृती आकार असल्याचे दाखविले, आणि तो वक्र पुढे सर्व विज्ञानांत संचारला. सामान्य वाचकाने त्याचे समीकरण लक्षात ठेवण्याची गरज नाही. इतके पुरे, की अशा तफावतींपैकी शेकडा सुमारे ६८ एका प्रमाण विचलनाच्या आत आणि सुमारे ९५ दोहोंच्या आत राहतात.

आता नाणी सोडून शेताकडे यावे. तालुक्यातल्या शेतांचे प्रमाण विचलन एकरी २ क्विंटल आहे असे समजू. चिठ्ठीने काढलेल्या एकाच शेतावरून तालुक्याचा माध्य सांगितला, तर चुकीचे माप २ क्विंटल. चार शेतांच्या माध्यावरून सांगितला तर १. सोळांच्या माध्यावरून अर्धा. शंभरांच्या माध्यावरून क्विंटलाचा पाचवा हिस्सा. विचलनाला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमूळाने भागावे, म्हणजे ही प्रमाण त्रुटी मिळते. यातून दोन गोष्टी निघतात. अचूकपणा दुप्पट हवा असेल तर काम चौपट करावे लागते, हे काटकसरी खात्यांना न रुचणारे सत्य पहिले. दुसरी गोष्ट याहून आश्चर्याची: या हिशेबात तालुक्यात एकूण शेते किती, हा आकडा कोठेच येत नाही. विचलन तेवढेच असेल, तर शंभर शेतांचा नमुना एका तालुक्याविषयी जितके सांगतो, जवळजवळ तितकेच सबंध राज्याविषयी सांगतो. एवढ्या मोठ्या देशात हजार-दोन हजार माणसांना विचारून काय कळणार, हा आक्षेप निवडणुकीच्या हंगामात हमखास ऐकू येतो. नमुना खरोखर यादृच्छिक असेल तर तो आक्षेप टिकत नाही.

खेडा जिल्ह्यात १९१८ साली हे साधन असते तर काय झाले असते? समजा, नमुन्यावरून पीक ४.२ आणे निघाले आणि प्रमाण त्रुटी ०.३ आण्याची निघाली. मग खरा आकडा ३.६ आणि ४.८ यांच्या दरम्यान असावा, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता आले असते. आणि चारची रेघ त्या पट्ट्याच्या आत असल्यामुळे, प्रश्नाचा निकाल मोजणीने लागत नाही, संशयाचा फायदा कोणाला द्यावा हे सरकारने ठरवावे, असा अभिप्राय मिळाला असता. संख्याशास्त्र अनेकदा असाच अभिप्राय देते, आणि तो ऐकण्याची तयारी सत्ताधाऱ्यांची क्वचितच असते.

येथवरचे सर्व गणित एका गृहीतावर उभे आहे: चुका कधी वर, कधी खाली जातात, आणि संख्या वाढली की परस्परांना गिळतात. पण सगळ्या चुका एकाच दिशेने झुकलेल्या असतील तर? या प्रश्नाशी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव जोडलेले आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून पदव्या घेऊन आलेले सुखात्मे १९४० साली दिल्लीला शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेत रुजू झाले. त्याच सुमारास कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली, बंगालात तागाच्या आणि भाताच्या प्रचंड पाहण्या करीत होते. महालनोबिसांची पद्धत अशी, की शेतात दोनचार फूट त्रिज्येचे लहानसे वर्तुळ आखून तेवढेच पीक कापावे. लहान तुकडा झटपट कापून होतो, खर्च थोडा, त्यामुळे तेवढ्याच पैशांत कितीतरी अधिक शेतांवर जाता येते. आणि विचलन मुख्यतः शेताशेतांतले असल्याने, शास्त्राच्या दृष्टीने हे सर्वथा योग्य दिसते.

सुखात्म्यांनी उत्तर हिंदुस्थानात गव्हाच्या शेतांवर निरनिराळ्या आकारांचे तुकडे आखून प्रयोग केले, तेव्हा असे दिसले की तुकडा जितका लहान, तितके एकरी उत्पन्न फुगलेले. कारण तुकड्याच्या कडेवर दडलेले होते. दोरीला खेटून उभे असलेले ताट आत धरावे की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा विळा ते आत ओढतो. कोणी लबाडीने ओढीत नाही, हाताला तशी ओढच असते. ही चूक किती मोठी होते, याचा ताळा कोणालाही घेता येईल. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाच्या कडेने केवळ दोन इंचांचा पट्टा चुकून आत आला, तर त्रिज्या २४ इंचांऐवजी २६ इंच होते, आणि क्षेत्र शेकडा १७ नी वाढते. तीच दोन इंचांची चूक ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद अशा, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा असलेल्या, तुकड्याच्या चारही बाजूंस झाली, तर क्षेत्र जेमतेम शेकडा ३ नी वाढते. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड फार असते, हे त्यामागचे भूमितीय कारण. अशी वर्तुळे पाच हजार कापली काय नि पन्नास हजार कापली काय, अंदाज शेकडा १७ नी चढाच राहणार. प्रमाण त्रुटी तेवढी कमी कमी होत जाणार, आणि चुकीच्या आकड्याविषयीचा आपला आत्मविश्वास तेवढा वाढत जाणार.

या वादात महालनोबिसांची बाजू दुबळी होती असे समजू नये. तरबेज माणसे असतील तर कडेची चूक आवाक्यात ठेवता येते, असे त्यांचे म्हणणे. आणि पाहणी करणाऱ्यांच्या चुका उघडकीस आणण्यासाठी, त्याच भागात दोन स्वतंत्र पथकांना स्वतंत्र नमुने देऊन त्यांचे निष्कर्ष ताडून पाहण्याची जी युक्ती त्यांनी रूढ केली, तिला तोड नाही. परंतु महसूल आणि शेतकी खात्यांच्या हाताखालच्या, इतर शंभर कामांत गुंतलेल्या माणसांकडूनच काम करून घ्यायचे असेल, तर त्यांच्या हातून कमी बिघडेल अशीच पद्धत निवडावी, हा सुखात्म्यांचा व्यवहार मला अधिक पटतो. राज्यांच्या सरकारी अंदाजांसाठी मोठ्या आयताकृती तुकड्यांची रीतच रूढ झाली. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने लहान वर्तुळांची पद्धत चालविली, आणि देशात अन्नधान्य किती पिकले याचे दोन निरनिराळे अंदाज कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदले. सुखात्मे १९५१ मध्ये अन्न व शेती संघटनेत रोमला गेले, आणि निवृत्तीनंतर पुण्यास परतून पोषणाच्या प्रश्नावर त्यांनी तितकाच गाजलेला दुसरा वाद उभा केला. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नमुना अवाढव्य असला म्हणजे पक्षपात धुऊन निघतो, ही समजूत किती महागात पडते, याचा दाखला अमेरिकेत १९३६ साली मिळाला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोट मतपत्रिका टपालाने धाडल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन हे रूझवेल्टांवर मात करतील असे भाकीत छापले गेले. प्रत्यक्षात लँडन यांना ४८ पैकी दोनच राज्ये मिळाली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, मंदीच्या त्या काळात या दोन्ही वस्तू कोणाजवळ होत्या हे उघड आहे. शिवाय उत्तर धाडण्याची तसदी कोणी घेतली आणि कोणी नाही, यातही कल होता. जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना विचारून निकाल बरोबर वर्तविला.

आपल्याकडे आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांची रेघ आजही टंचाईच्या सवलतींसाठी पाहिली जाते. त्याखेरीज २०१६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाईचा हिशेब थेट पीक कापणी प्रयोगांवर बांधला गेला आहे. मागच्या वर्षांच्या उत्पन्नावरून एक उंबरठा ठरतो, यंदाचा माध्य त्याखाली गेला तर भरपाई. गाव किंवा ग्रामपंचायत हे विम्याचे क्षेत्र धरले असेल, तेथे एका पिकासाठी किमान चार प्रयोग. आता वरचाच हिशेब लावावा. गावातल्या शेतांचे विचलन २ क्विंटल, उंबरठा एकरी ६, आणि गावाचा खरा माध्य ५.५, म्हणजे भरपाई न्यायतः देय आहे. चार प्रयोगांची प्रमाण त्रुटी १ क्विंटल. त्यामुळे नमुन्याचा माध्य सहाच्या वर जाऊन गाव भरपाईला मुकण्याची संभाव्यता शेकडा ३१. कोणीही काहीही गैर न करता, अशा दहा गावांपैकी तीन गावांवर अन्याय होतो, आणि उलट बाजूने, पीक उंबरठ्याच्या किंचित वर असलेल्या काही गावांना फुकटचा लाभ मिळतो.

चाराचे सोळा प्रयोग केले तर ३१ चे १६ होतात. हा उपाय कागदावर सोपा आहे. पण सोयाबीन किंवा ज्वारी काढणीला येते ती सगळीकडे एकाच पंधरवड्यात; शेतकरी मजूर ठरवून मोकळा झालेला असतो, त्याला आभाळ दिसत असते, तो थांबणार नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एवढ्याच माणसांच्या गळ्यात चौपट कापण्या पडल्या, की खुंट्या नजरेने ठोकल्या जातात, दोरी सैल राहते, धान्य पुरते न वाळविता तोलले जाते. म्हणजे यादृच्छिक चूक कमी करण्याच्या खटपटीत पक्षपाताला दार उघडले जाते. अलीकडे मोबाइलमधले अ‍ॅप तुकड्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि छायाचित्र नोंदवून घेते, त्यामुळे तुकडा नेमल्या शेतात पडला की सोयीच्या बांधालगत, हे तालुक्याच्या कचेरीत बसून तपासता येते. दोरीवरचे ताट आत धरले की बाहेर, हे त्या छायाचित्रावरून ठरत नाही. त्यासाठी काही गावांत दुसऱ्या माणसांना स्वतंत्र नमुना देऊन, त्यांचा आकडा पहिल्याशी ताडून पाहणे, हा महालनोबिसांचा जुना मार्गच अजून उरला आहे.